धंद्याची पहिली वही



नवा धंदा काढणारा माणूस जागा पाहतो, पाटी रंगवतो, मुहूर्त धरतो. हिशेबनिसाची आठवण मात्र त्याला मार्च महिन्यात होते. हा क्रम उलटा असावा, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

हिशेब सरकारसाठी ठेवावयाचा, अशी कित्येकांची समजूत असते. वस्तुतः तो प्रथम धंदेवाल्यासाठीच असतो. समजा, मसाल्याच्या एका नव्या कारखान्याने पहिल्या महिन्यात १,००,००० रुपयांचा माल विकला. त्या मालास ६०,००० लागले. भाडे, मजुरी मिळून २५,०००. नफा झाला १५,०००. पण विक्रीपैकी ४०,००० उधारीवर आहेत आणि खर्च सगळा रोखीने झाला आहे. म्हणजे गल्ल्यात आले ६०,००० आणि गेले ८५,०००. नफाही खरा आणि ओढाताणही खरी! दोन्ही एका वेळी दिसावीत म्हणूनच रोजकीर्दीजवळ खतावणी लागते. ज्याच्याजवळ नुसता गल्ला आहे, तो घाबरून चालता धंदा मोडतो. ज्याच्याजवळ नुसता नफ्याचा आकडा आहे, तो उधारी वाढवीत बसतो.

मग मदत कोणाची घ्यावी? येथे दोन कामे वेगळी ओळखली पाहिजेत. रोजच्या नोंदी ठेवण्यास आठवड्यातून काही तास येणारा जाणता कारकूनही पुरतो. कर आणि कायदा यांसाठी सनदी लेखापाल हवा. त्या पेशाचा कायदा १९४९ सालचा आहे. मात्र त्याला धंदा सुरू होण्यापूर्वीच भेटावे. धंदा एकट्याच्या नावे असावा, भागीदारीत असावा, की कंपनी काढावी, हे त्याला विचारावे. कंपनी काढली तर विक्री कितीही थोडी असो, दरवर्षी हिशेबतपासणी चुकत नाही. वस्तू व सेवा कर २०१७ सालापासून आहे. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्यास वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपुढे, तर सेवा देणाऱ्यास २० लाखांपुढे साधारणतः नोंदणी करावी लागते. परराज्यात माल विकणाऱ्यास मात्र ही सवलत नाही. आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर हा आपल्याकडे ठेवलेला सरकारचा पैसा आहे, हे विसरू नये.

मेहनताना किती व त्यात कोणती कामे, हे आधीच लिहून घ्यावे. बँकेतील खाते घरखर्चापासून निराळे असावे. संगणकावरील हिशेबाची प्रत आणि परवलीचा शब्द मालकाजवळ असावा. हिशेबनीस बदलेल, वही आपली राहिली पाहिजे.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीस हळदकुंकू वाहतो, ते योग्यच आहे. परंतु वर्षातून एकदा पूजिलेली वही काही सांगत नाही. दर आठवड्यास अर्धा तास हिशेबनिसाजवळ बसून जो ती उघडतो आणि "हे येणे अजून का आले नाही?" असे विचारतो, त्याच्याशीच ती बोलते.