‘ने’ म्हणजे हो की नाही?



मराठीत ‘ने’ म्हटलं की समोरचा पिशवी उचलतो. ‘एवढं घरी ने.’ नाहीतर हा ‘ने’ नामाच्या पाठीला चिकटतो: रामाने, सुरीने. आपलं तेवढ्यावर भागतं.

उत्तर मॅसिडोनियातल्या गेवगेलिया गावात मात्र ‘ने’ म्हणजे नाही. गावाजवळच सीमेवरचा नाका आहे. तो ओलांडून ग्रीसमधल्या एव्झोनीत शिरलं, की ‘ने’ म्हणजे चक्क हो! कॉफी घेणार? ने. सामानात काही लपवलंय? ने. या दुसऱ्या उत्तराआधी आपण नाक्याच्या कुठल्या अंगाला उभे आहोत, ते बघून घ्यावं.

गेवगेलियाचा ‘ने’ आपल्या नात्यातला. स्लाव्ह भाषांमधला हा नकार आणि संस्कृतातला ‘न’ एकाच मुळाचे; आपलं ‘नाही’ त्याच कुळातलं. ग्रीकांचा होकार प्राचीन काळी ‘नाइ’ असा उच्चारत. लिहिताना आजही अल्फा आणि इओटा ही दोन्ही अक्षरं लिहितात. बोलण्यात मात्र त्या जोडीचा ‘ए’ झाला, आणि होकार नेमका शेजाऱ्याच्या नकारावर जाऊन बसला.

ग्रीकांचा नकार म्हणजे ‘ओही’. ५ जुलै २०१५ला कर्जाच्या अटींवर तिथे सार्वमत झालं. मतपत्रिकेवर ‘ओही’ वर, ‘ने’ खाली. सुमारे ६१ टक्के लोकांनी ‘ओही’ म्हटलं.

कोरियातही ‘ने’ म्हणजे हो. जपानी माणूस तो वाक्याच्या शेवटी लावतो, अगदी आपल्या ‘छान आहे ना?’मधल्या ‘ना’सारखा. एवढ्यावरून जपानी आणि मराठी सख्ख्या बहिणी ठरवणारे भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार करावा. एक व्यंजन, एक स्वर, आणि जगात हजारो भाषा; अशा टकरा व्हायच्याच. नातं ठरतं ते शेकडो शब्दांत एकाच रीतीने झालेल्या उच्चारबदलांवरून.

ग्रीसला गेलात तर आणखी एक पंचाईत. तिथला माणूस पुष्कळदा नकार बोलतच नाही. भुवया वर, हनुवटी वर, जिभेचं हलकं ‘च्यक्’. आपल्याकडे भुवया उडवल्या की ‘काय?’ असा प्रश्न. म्हणून आपण पुन्हा विचारतो, ‘खोली आहे का?’ तो पुन्हा हनुवटी वर करतो.