वाट रुंद झाली, वस्तीचे काय?

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



तीस वर्षांपूर्वी आईला घेऊन मी प्रथम काशीला गेलो. विश्वनाथाच्या दारापर्यंतची गल्ली अंग चोरूनच चालावी लागली. पायांखाली ओली फरशी, मागून गर्दीचा रेटा आणि दर्शन घडले ते क्षणभर. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले. वास्तुविशारद बिमल पटेल यांच्या आराखड्यानुसार सुमारे ३ हजार चौरस फुटांचा परिसर ५ लाख चौरस फुटांपर्यंत विस्तारला. गंगास्नान करून भाविक आता प्रशस्त प्रांगणातून मंदिरात जातो. ही सोय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु ही जागा मुळात मोकळी नव्हती. त्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता संपादित झाल्या. लाहोरी टोल्यासारखी जुनी वस्ती लोपली. समर्थक म्हणतात, घरांच्या भिंतींआड दडलेली चाळीसहून अधिक प्राचीन मंदिरे मुक्त झाली. टीकाकार म्हणतात, काशीचा गाभाच उखडला गेला.

मला या वादात एक गोष्ट निसटलेली दिसते. घर आणि देऊळ अशी फारकत काशीच्या गल्लीने कधी केलीच नव्हती. घरातल्या शिवलिंगावर पहाटे पाणी घालणारा कोणी तरी त्याच घरात राहत असे. देऊळ वाचले, पण तो माणूस दूरच्या वसाहतीत गेला, तर मागे उरते ती केवळ वास्तू. भिंतींचा मोबदला ठरवता येतो; शेजाराचा कसा ठरवणार?

पुण्यश्लोक अहल्याबाईंनी १७८० मध्ये आजचे मंदिर उभारले. धामात त्यांचा पुतळा आहे, हे उचितच. मात्र दगडी मंदिराचे तीर्थक्षेत्र होते ते पुजारी, फुलवाले, यात्रेकरूंना ओसरी देणारी घरे यांच्यामुळे.

हे आज सांगण्याचे कारण पंढरपूर. तेथील कॉरिडॉरची चर्चा २०२२ पासून सुरू आहे आणि रहिवासी व व्यापाऱ्यांनी त्याला विरोधही केला आहे. वारकऱ्याला मोकळा श्वास मिळालाच पाहिजे. पण नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी प्रत्येक घराची, त्यातल्या देवाची आणि माणसाची नोंद व्हावी. हलवावे लागलेच, तर त्या कुटुंबाला मंदिराच्या हाकेच्या अंतरावर जागा मिळावी. विठ्ठलाच्या दारी परगावचा भक्त येईल आणि परतेल. रोज तेथे नांदणारा शेजारी एकदा उठला, की पुन्हा वसवता येत नाही.