नदीकांठचा गाळ आणि मुलांचे जीवाश्म

डायनोसॉर या प्रचंड प्राण्यांचीं चित्रें पाहिलेल्या शिरूर किंवा दौंडच्या मुलाच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हा, कीं आपल्या गांवच्या डोंगरांत यांचीं हाडें सांपडतील काय? वडील माणसें बहुधा हंसून होकार देतात आणि मुलाच्या हातीं खुरपें देऊन मोकळीं होतात. उत्तर गोड आहे, पण खरें नाहीं.

या दोन्ही तालुक्यांच्या तळाशीं असलेला काळा पाषाण सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून आलेल्या तप्त शिलारसाचा झालेला आहे. तशा रसांत हाड टिकत नाहीं. तें टिकतें गाळांत. १८२८ सालीं स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यास जबलपूरजवळ हाडें मिळालीं तीं शिलारसाच्या थरांखालील गाळाच्या खडकांत. पुढें १८७७ सालीं लायडेकरनें त्या प्राण्यास टायटॅनोसॉरस असें नांव दिलें. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांत पिसदुरा येथें तशींच हाडें व अश्मीभूत विष्ठाहि मिळाली आहे. मुलांस ही शेवटची गोष्ट सर्वांत अधिक आवडते, हें सांगावयास नको.

हाडें नसलीं तरी घोड व भीमा यांचा गाळ घरापाशींच आहे. चिकणमाती खडे काढून मळावी आणि पसरट डब्यांत दोन बोटें जाड थापावी. तींत शिंपला, पिंपळाचें पान, किंवा खेळण्यांतील डायनोसॉरचा पाय दाबून अलगद उचलावा. मग वाटीभर पाण्यांत सुमारें दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस भुरभुरून ढवळावें व लागलीच ठशावर ओतावें. घट्ट होतांना तें तापतें, म्हणून त्यांत मुलांस हात बुडवूं देऊं नये. उरलेलें मोरींत ओतूं नये, नळ तुंबतो. प्लास्टर वाळून सुटलें म्हणजे मुलास न सांगतां कळतें, कीं वस्तु गेली तरी तिचा आकार राहतो.

याहून मोलाचा खेळ थरांचा. डब्यांत वाळू, गाळ व बारीक खडी यांचे थर देऊन निरनिराळ्या थरांत उकळून स्वच्छ केलेलीं कोंबडीचीं हाडें पुरावीं. मुलानें कुंचल्यानें माती दूर करावी, मात्र हाड उचलण्यापूर्वीं तें कोणत्या थरांत होतें तें कागदावर काढावें. हा कागद बहुतेक घरांत गाळला जातो, आणि सारें शिक्षण तर त्यांतच आहे. शिरूर तालुक्यांत घोडेच्याच कांठीं इनामगांव येथें १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. तेथें घरांच्या जमिनीखालीं, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेलीं लहान मुलें सांपडलीं. कोणतें मडकें कोणत्या थरांत होतें याची नोंद होती, म्हणूनच इ. स. पूर्वीं १६०० ते ७०० पर्यंतच्या त्या वस्तीचे टप्पे लावतां आले.

या नद्यांच्या जुन्या गाळांत सस्तन प्राण्यांचे जीवाश्महि मिळालेले आहेत. दरड ढांसळून एखादें हाड दिसलें, तर उत्साही मुलगा तें उपटून घरीं आणील आणि शाबासकीहि मिळवील. पण थरावांचून आलेलें हाड फारसें बोलत नाहीं. जागेची खूण ठेवावी, छायाचित्र घ्यावें आणि पुण्यास डेक्कन कॉलेजला कळवावें.

घरच्या ठशाच्या पाठीवर मात्र, प्लास्टर ओलें असतांनाच, तारीख, नदीचें नांव व ‘घरीं केलेला’ हे शब्द काडीनें कोरावे. पन्नास वर्षांनीं तो माळ्यावर सांपडला तर नातवंडांचा घोटाळा व्हावयास नको.