एक डोंगर, दोन आकडे: पाचगणीतला स्वाइन फ्लू

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. म्हणून आज औषधांबद्दल नाही, आकड्यांबद्दल बोलू.

साल २००९. जूनच्या शेवटी पाचगणीतल्या एका निवासी शाळेत तापाची साथ आली. पुण्याच्या एनआयव्हीच्या लोकांनी तिचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापूनही आला. शाळेत एकूण ४१५ जण. त्यातल्या २९५ जणांना फ्लूसारखी लक्षणं दिसली, म्हणजे ७१ टक्के.

आता गंमत बघा. घशाचे स्वॅब घेतले ८२ जणांचे. त्यात स्वाइन फ्लू सापडला फक्त १५ जणांत. पण सगळ्या शाळेचं रक्त तपासलं, तेव्हा २१६ जणांत या विषाणूच्या अँटीबॉडी निघाल्या. म्हणजे ५२ टक्के. शाळा तीच, साथ तीच. एका मोजणीत १५, दुसरीत २१६! म्हणून बातमीत केसेसचा आकडा दिसला की आधी विचारा: कोणाला तपासलं, कधी तपासलं आणि कशाने?

अजून एक आकडा आहे. शाळेबाहेरच्या वस्तीतल्या लोकांचं रक्त तपासलं, तिथे अँटीबॉडी फक्त ९ टक्के लोकांत. गाव एकच, हवा तीच, पाऊस तोच. मग ५२ कुठे आणि ९ कुठे?

फरक भेटीगाठींचा. एक रुग्ण किती जणांना आजार देणार, हे तीन गोष्टींवर ठरतं: तो रोज किती जणांना भेटतो, एका भेटीत लागण व्हायची शक्यता किती आणि तो किती दिवस आजार पसरवतो. निवासी शाळेत पहिली गोष्टच प्रचंड. झोपायची खोली एक, मेस एक, वर्ग एक. घरी राहणारा माणूस संध्याकाळी चार-पाच जणांत परततो. हॉस्टेलचा मुलगा परततो तो सगळ्या डॉर्मिटरीत.

समजा, एकाकडून दोघांना लागण होते. १, २, ४, ८... आठव्या फेरीअखेर बेरीज ५११, म्हणजे अख्खी शाळा संपली! पण तसं होत नाही. निम्म्या मुलांना होऊन गेला की दोनातली एक भेट वाया जाते, दोनाचा एक होतो आणि नव्या केसेस उतरायला लागतात. बंद जागेत साथ झपकन चढते आणि झपकन उतरते. मोकळ्या वस्तीत ती रेंगाळते. या दोन्हींची सरासरी काढली, तर येणारा आकडा ना शाळेचा, ना गावाचा.

हे नुसतं गणित नाही. ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली. स्वाइन फ्लूचा देशातला तो पहिला मृत्यू.

तुमच्यापैकी कितीतरी जण हॉस्टेलवर, पीजीत, कॉट बेसिसवर राहतात. तुम्ही '५२ टक्के'वाल्या गटात आहात, हे लक्षात ठेवा. रूममेटला ताप आला की त्याला वेगळी खोली द्या, ताट खोलीत पोचवा, वॉर्डनला त्याच दिवशी सांगा. पहिल्या फेरीत एक भेट वाचली, तर पुढच्या सगळ्या फेऱ्या लहान होतात. शंभर जण आजारी पडल्यावर तेच करायला शंभर खोल्या लागतील, आणि त्या कुठल्याच हॉस्टेलकडे नसतात.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात!