गाडीचा हवादाब सेन्सर



वसईची फुले, भाजी पहाटे दादरला पोचली तरच भाव मिळतो. म्हणून आज पिकाऐवजी माल वाहणाऱ्या पिकअपविषयी बोलतो. गाडी ओढत नाही किंवा घाटात काळा धूर टाकते, म्हटले की आपण डिझेलला दोष देतो. पण कधी कधी दोष हवादाब सेन्सरचा असतो.

उंचीवर हवा विरळ होते. सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब इंजिनाच्या संगणकाला कळवतो आणि संगणक त्या बेताने डिझेल सोडतो. वसई समुद्रकाठी असल्याने येथे दाब १०० ते १०१ किलोपास्कल असतो, नाशिकला सुमारे ९४.

तपासणी अवघड नाही. चावी फिरवावी, मात्र इंजिन सुरू करू नये. मिस्त्रीला स्कॅनरवर आकडा दाखवायला सांगावे. वसईत उभ्या गाडीचा आकडा ८६ आला, तर संगणकाला गाडी महाबळेश्वरी असल्याचे वाटते व तो डिझेल आखडतो. उलट, घाटमाथ्यावरही १०१ च दिसत राहिला तर डिझेल जास्त जाऊन धूर येतो.

तरीही सेन्सर लगेच बदलू नये. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरव्या पडतात. त्या आधी साफ कराव्यात. मग मल्टीमीटरने ५ व्होल्टचा पुरवठा व अर्थिंग पाहावे. दोन्ही ठीक असून आकडा चुकीचाच, तर सेन्सर गेला समजावे. काही गाड्यांत तो संगणकाच्या डब्यातच असतो. तेथे खर्च मोठा, म्हणून दुसऱ्या स्कॅनरवर खात्री केल्याशिवाय होकार देऊ नये.