पैसा कुणाचा, सही कुणाची?

(महिला मंडळं आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला विषय दिलाय तो असा : गावातल्या संघटनांनी आपल्या आरोग्यसेवेसाठी पैसा उभा करावा आणि ती सेवा चालवावी, यासाठी त्यांची क्षमता कशी वाढवायची. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'क्षमतावृद्धी' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला. त्यानंतर गेली दहाएक वर्षं मराठवाड्यातल्या महिला मंडळांबरोबर काम करताना तो इतक्या वेळा ऐकला की आता तो आला की मी एकच प्रश्न विचारते : क्षमता, पण कशाची? फॉर्म भरण्याची? प्रशिक्षणाला येऊन गोल करून बसण्याची? की पैसा कुठे जातोय ते पाहण्याची आणि तो कुठे जावा हे ठरवण्याची? यातली शेवटची क्षमता कुणी सहजासहजी देत नाही. म्हणून आज मी तिच्याबद्दलच बोलणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. 'खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं काय कळणार?' असं अजूनही विचारलं जातं. या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रानेच फार पूर्वी दिलंय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या, फारसं शिक्षण नसलेल्या, बऱ्याचशा दलित घरांतल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. एकदा शिबिर घेऊन सोडून दिलं नाही, पुन्हा पुन्हा एकत्र बसून शिकवलं. सोबत गावात शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली, म्हणून त्या बाईच्या पाठीशी माणसं होती. ज्या बाईला काही घरांच्या ओट्यावर चढू देत नव्हते, तिलाच पुढे त्या घरात बाळंतिणीसाठी बोलावणं येऊ लागलं.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' सुरू केली. त्यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार आढळला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. पुढे तिथल्याच आरोग्यदूतांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि तीन वर्षांत त्या गावांतला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा बायका आरोग्यसेवा देऊ शकतात का, हा प्रश्न सुटलेला आहे. सुटायचा राहिलाय तो पैशाचा आणि सहीचा प्रश्न.

गावात आरोग्याच्या नावाने पैसा येतो कुठून? २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यात गाव पातळीवर समिती आली. तिचं आजचं लांबलचक नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. या समितीसाठी वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी ठरला. अबंधित म्हणजे काय, तर तो कशावर खर्च करायचा हे गावाने ठरवायचं. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या स्थानिक संस्थांना केवळ आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. 'उमेद'च्या ग्रामसंघांकडे जोखीम प्रवणता निधी असतो, अडीअडचणीच्या वेळी वापरायचा. म्हणजे पैसाच नाही असं नाही.

पण दहा हजारांचं गणित करून बघा. दीड हजार वस्तीच्या गावात माणशी वर्षाला सात रुपयेसुद्धा येत नाहीत. आणि तेवढ्याही पैशाचं काय होतं? समितीत निम्म्या तरी बायका असाव्यात असं मार्गदर्शक सूचना सांगतात. कागदावर त्या असतात. अनेक गावांत मी समितीच्या सदस्य बाईला विचारलंय, 'ताई, तुम्ही समितीवर आहात ना?' उत्तर येतं, 'असन बाई, सही घेतली हुती.' पैसे येतात, फिनेल, खुर्च्या आणि वजनकाट्याच्या पावत्या लागतात, वर्ष संपतं. हा चोरीचाच प्रकार असतो असं मी म्हणत नाही. पुष्कळदा काय करायचं हेच कुणी मिळून ठरवलेलं नसतं, आणि मार्च जवळ आला की जे दुकानात मिळेल ते घेतलं जातं.

आमच्या कामाची सुरुवात आम्ही पासबुकापासून केली. दर तीन महिन्यांनी महिला मंडळाच्या बैठकीत समितीचं पासबुक मोठ्याने वाचायचं. वाचणारी शाळेत जाणारी मुलगी असली तरी चालेल, पण ऐकणाऱ्या सगळ्या हव्यात. किती आले, किती गेले, कशाला गेले. सुरुवातीला पासबुक मिळायलाच दोन-तीन फेऱ्या होत. 'तुम्हाला काय करायचंय?' हे वाक्य आमच्या बायकांनी इतक्यांदा ऐकलंय की त्यांचं उत्तर ठरून गेलंय : 'ऐकायचंय.' त्यासाठी भांडण करावं लागत नाही, फक्त परत परत जावं लागतं.

आता दुसरी बाजू, आपला स्वतःचा पैसा. बचत गटाच्या कर्जाच्या वह्या उघडून पाहा. शेळी, शिलाई मशीन असं कारण लिहिलेलं असतं, आणि खोदून विचारलं की कळतं, पैसा गेला दवाखान्यात. मग वाटतं, वेगळा आरोग्य-निधीच का काढू नये? काढावा. गुजरातेत 'सेवा'च्या बायकांनी १९९० मध्ये लोकस्वास्थ्य ही आरोग्य कार्यकर्त्यांची सहकारी संस्था काढली, १९९२ मध्ये असंघटित कष्टकरी बायकांसाठी विमा सुरू केला. बायका हे चालवू शकतात.

पण त्याची मर्यादाही आकड्यांत समजून घेऊ. समजा दोनशे बायकांनी महिन्याला वीस रुपये टाकले. वर्षाचे झाले अठ्ठेचाळीस हजार. यातून रात्रीची जीप होईल, तपासणीचे पैसे होतील, चार दिवसांची बुडालेली मजुरी थोडी भरून निघेल. पण खासगी दवाखान्यात एक मोठं ऑपरेशन झालं तर बराचसा निधी एका घरातच संपेल. म्हणजे हा निधी आधार आहे, पण तो आरोग्यव्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही.

आणि पैसा हाताशी असणं म्हणजे आरोग्य हाताशी असणं नव्हे. बीडचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड मजूर बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, ज्यावर साध्या औषधाने भागलं असतं, तिथे 'कॅन्सर होईल' अशी भीती आणि ऑपरेशन. त्यासाठी पैसा कुठून? मुकादमाची उचल, सावकार, नातेवाईक. अशा वेळी आपला निधी माहितीशिवाय उभा राहिला तर तोही त्याच रांगेत जाऊन बसेल, नको असलेल्या ऑपरेशनला स्वस्त कर्ज देणारा. म्हणून आम्ही एक नियम केला : गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी कुणी निधी मागितला तर नकार द्यायचा नाही, पण आधी सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्यायचं, आणि त्या तपासणीला जाण्यायेण्याचा खर्च निधीतून करायचा. बाईबरोबर मंडळातली एक जण जाते. निर्णय त्या बाईचाच, पण तो तिने घाबरून घेतलेला नसावा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एका गावात निधी सुरू होऊन वर्ष झालं होतं. हिशेब वाचताना कळलं की सगळ्यात जास्त पैसे गेलेत बाळंतपणाच्या गाडीभाड्यावर. सगळ्या खूश होत्या, निधी कामाला आला म्हणून. तेव्हा मागे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, 'गाडी तर सरकारची फुकट हाय म्हनत्यात. मग आपुन का दिले?'

प्रश्न अगदी नेमका होता. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी जाणाऱ्या बाईला नेणं, आणणं, औषधं, तपासण्या आणि दवाखान्यातलं जेवण मोफत आहे. गाडी वेळेवर आली नाही, म्हणून आम्ही भाडं दिलं. बरोबरच केलं, बाई वाटेत अडकू द्यायची नसते. पण ते भाडं दिल्यामुळे गाडी न आल्याचा पुरावाच पुसला जात होता. बाई पोचली, बाळ झालं, आणि गाडीची तक्रार कुणीच केली नाही.

त्या दिवसापासून आमची वही दोन रकान्यांची झाली. पहिला रकाना, आपण आपल्यासाठी केलेला खर्च : बुडालेली मजुरी, सोबत जाणारीचं भाडं, घरी राहिलेल्या लेकरांचं जेवण. दुसरा रकाना, सरकारचं काम जे आपण भागवलं : गाडी, बाहेरून आणायला लावलेलं औषध, बाहेर केलेली सोनोग्राफी. तारीख, रक्कम, कारण आणि मिळेल तेव्हा पावती. दर तिमाहीला दुसऱ्या रकान्याची बेरीज करून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्यायची आणि पोच घ्यायची.

याला महाराष्ट्रात आधार आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावाने सेवांना हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचा. आमची वही त्याच वाटेवरची आहे. फरक इतकाच, की रंगाच्या जोडीला आम्ही रुपये ठेवतो. बेरीज समोर आल्यावर सगळं सुधारलं असं मी सांगणार नाही. गाडीचा फोन नंबर उपकेंद्राच्या भिंतीवर आला, बाहेरच्या औषधाच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, सोनोग्राफीचं अजून भांडण चालू आहे. पण मागणी करताना आमच्या बायका आता हात जोडून उभ्या राहत नाहीत, वही उघडतात.

मैत्रिणींनो, याचं कारण समजून घ्या. 'लोकसहभाग' हा शब्द गोड आहे, आणि त्यात बाईचे फुकट तास मोजलेले नसतात. आशाताईंकडे बघा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आणि इथे महाराष्ट्रात २०२१ मध्ये, पुन्हा २०२३ मध्ये, मोबदल्यासाठी त्यांना संपावर जावं लागलं. घरातलं आजारपण बाईने काढायचं, गावातलं आशाने काढायचं, आणि आता निधीही बचत गटाने काढायचा, असं जर क्षमतावृद्धीचं रूप असेल तर ती आपल्याला नको. म्हणून आशाताईंना आपण आपल्या तक्रारीचं लक्ष्य करायचं नाही. त्या आपल्यातल्याच आहेत. त्यांना बैठकीत शेजारी बसवायचं.

शेवटी, इथे बसलेल्या मोठ्या संस्थांच्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून आलेला परदेशी पैसा एका संस्थेने दुसरीकडे देण्यावर बंदी आहे. कंपन्यांचा सामाजिक निधी हवा तर २०२१ पासून संस्थेची वेगळी नोंदणी लागते. या दोन्हींनी गावातलं छोटं मंडळ आणखी बाहेर ढकललं गेलं. तेव्हा आणखी एक जाणीवजागृतीचं शिबिर घेण्यापेक्षा त्यांना हिशेब शिकवणारी, लेखापरीक्षणापर्यंत सोबत करणारी एक माणूस द्या. आणि ती तीन महिन्यांनी काढून घेऊ नका. जामखेडला ज्या बायका उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचं शिकवणं होतं.

आणि आपण सगळ्यांनी? गावी गेल्यावर तीन कामं करू. समितीवर कोण आहे त्यांची नावं शोधून ती मंडळात वाचू. पासबुक मागू. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे, तिथे आरोग्याच्या खर्चाचा एक ठराव मांडू आणि तो प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला की नाही हे उठण्याआधी वाचून घेऊ. त्यानंतरच खाली सही करू.