फिंच पक्षीण अडते तेव्हां

पौषांतील कडाक्याची थंडी आहे असें समजा. वर्ध्याच्या एखाद्या घरीं ओसरीवर पिंजरा टांगला आहे. काल दिवसभर घरट्यांत गवताच्या काड्या रचणारी झेब्रा फिंचची मादी आज सकाळीं दांडीवर नाहीं. पिसें फुगवून, पाय फांकवून ती पिंजऱ्याच्या तळाशीं बसली आहे आणि श्वासागणिक तिची शेपटी खालींवर होत आहे. मुलें म्हणतात, तिला थंडी वाजते. आजी म्हणते, निजूं द्या तिला. आजीचें बोलणें मायेचें खरें, पण येथें तें घातक आहे. ही पक्षीण अडली आहे. पोटांत तयार झालेलें अंडें तिला बाहेर टाकतां येत नाहीं, आणि वेळींच उपाय न झाला तर दिवस मावळण्यापूर्वीं ती हातची जाण्याचा संभव आहे.

या पक्षिणीचें वजन १२ ते १५ ग्रॅम आणि अंडें जवळजवळ एक ग्रॅमचें. पन्नास किलो वजनाच्या बाईला तीन किलोचें मूल व्हावें, तसेंच हें प्रमाण आहे. फरक इतकाच कीं फिंच रोज सकाळीं एक याप्रमाणें लागोपाठ चार ते सहा अंडीं घालते. अंड्याचें कवच बहुतांशीं आदल्या दुपारपासून पहांटेपर्यंत तयार होतें. त्यासाठीं लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, कांहीं अन्नांतून येतो व कांहीं तिच्या हाडांतून काढला जातो. हाच चुना अंडें पुढें ढकलणाऱ्या स्नायूंनाहि लागतो. तो कमी पडला कीं दुहेरी संकट येतें: कवच मऊ राहतें आणि स्नायू थकतात. मऊ अंडें पुढें सरकत नाहीं, आणि थकलेल्या स्नायूंना तें सरकवतांहि येत नाहीं. थंडीनें हे स्नायू आणखी आखडतात.

पण चुना कमी पडतो कां? याचें उत्तर बहुधा मालकाच्या औदार्यांत असतें. झेब्रा फिंच मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखांतील. तेथें पाऊस पडून गवताला बीं धरलें कीं ती घरटें करते, एरवीं थांबते. आपल्या पिंजऱ्यांत राळ्याची वाटी बारमास भरलेली, पाणी बारमास आणि घरट्याची टोपलीहि बारमास. पक्षिणीला वाटतें सुगीच चालूं आहे, आणि ती अंडीं घालीत सुटते. शिवाय नुसत्या राळ्या-बाजरींत चुना फारच थोडा. त्यांत पिंजरा काचेच्या खिडकीमागें असेल तर उन्हाचा जो अंश शरीरांत ‘ड’ जीवनसत्त्व निर्माण करतो, तो काचेंतून आंत येत नाहीं. खाल्लेला चुनाहि मग अंगीं लागत नाहीं.

येथें जातां जातां एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या रानांतली लाल मुनिया ही फिंचसारखीच दिसते. एके काळीं ती अहमदाबादेहून परदेशीं जाई व त्या शहरावरूनच तिचें शास्त्रीय नांव पडलें. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं देशी मुनिया पकडणें, विकणें वा पाळणें आज मना आहे. म्हणून हें सारें विवेचन परदेशी फिंचबद्दलच समजावें.

अडल्याची खूण नीट ओळखावी. नर आणि मादी दोन्ही पिसें फुगवून बसलीं असतील तर दुखणें बहुधा निराळें. एकटी मादीच, आणि तीहि अंडीं घालण्याच्या दिवसांत, कुंथत असेल, पोटाचा खालचा भाग फुगला असेल, विष्ठा थांबली असेल, तर शंका धरावी. पाय लुळे पडूं लागले तर अंडें मज्जातंतूंवर दाबत आहे असें जाणावें. मग घटकाभरहि दवडूं नये.

पहिला उपाय ऊब. लहानशी पेटी घेऊन तिच्या एका बाजूस जुन्या पद्धतीचा तापणारा ४० वॅटचा दिवा लावावा. हल्लींचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहींत. दिवा नसल्यास गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यांत गुंडाळून ठेवावी. पेटींतील उष्णता २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावी आणि दुसरी बाजू थंड असावी, म्हणजे पक्षिणीला हवें तिकडे सरकतां येईल. जाळीनें झांकलेली कोमट पाण्याची वाटी आंत ठेवली तर हवा ओलसर राहते. वर फडकें टाकावें आणि मुलांना दूर ठेवावें. वैशाखांत, वर्ध्याचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हां, दिवा अर्थातच लावूं नये.

पोट दाबून अंडें काढण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. अंडें आंत फुटलें तर त्याच्या कपच्यांनीं नलिका फाटते. चोंचींत एरंडेल ओतण्याचीहि चाल आहे. तें श्वासनलिकेंत जाण्याची भीति असते, आणि पिसांना लागलें तर ऊब टिकत नाहीं.

दोन-तीन तासांत अंडें न आल्यास पशुवैद्याकडे जावें. हा जिल्हा गवळाऊ गाईबैलांचा. येथल्या वैद्यांचा हात मोठ्या जनावरांवर बसलेला, आणि येथें रोगी बारा ग्रॅमचा. म्हणून निघण्यापूर्वीं पक्ष्यांचे उपचार होतात कीं नाहीं हें विचारून घ्यावें. सुमारें ७५ किलोमीटरवर नागपुरास १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रवासांत पेटी उबदारच ठेवावी. वैद्य कॅल्शियमचें इंजेक्शन देतात, क्ष-किरणांनीं अंडें पाहतात, आणि वेळ पडल्यास सुईनें आंतील द्रव काढून अंडें लहान करतात. हें घरीं करण्याचें काम नव्हे.

पक्षीण वांचली तर घरट्याची टोपली त्याच दिवशीं काढावी आणि नर कांहीं महिने वेगळा ठेवावा. पिंजऱ्यांत समुद्रफेसाचा तुकडा अडकवावा. उकळून वाळवून कुटलेलें कोंबडीच्या अंड्याचें कवचहि चालतें. थोडा शेवग्याचा पाला द्यावा. पालक मात्र फारसा नको, कारण तो चुना बांधून ठेवतो. सकाळच्या कोवळ्या उन्हांत पिंजरा अर्धा तास बाहेर ठेवावा, पण अर्ध्या पिंजऱ्यावर सावली असूं द्यावी. पुढें वर्षांतून दोन, फार तर तीन वेळांच टोपली बांधावी, आणि थंडीच्या ऐन दिवसांत तर मुळींच नाहीं.